गाव पाण्याखाली जाते, पण मनातून जात नाही : मावळातील विस्थापित कुटुंबे आणि आपली जबाबदारी

उन्हाळ्यात पवना धरणाचे पाणी खाली गेले की वाघेश्वराचे जुने मंदिर वर येते. दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात, पर्यटक गर्दी करतात, पुरातन वास्तू म्हणून कौतुक होते. पण त्या पाण्याखाली फक्त मंदिर गेले नाही. घरांची जोती गेली, विहिरी गेल्या, शेताचे बांध गेले. गावकुसाबाहेरच्या वस्त्याही गेल्या. मातीच्या भिंतींच्या त्या घरांचे काही शिल्लक राहत नाही, म्हणून त्यांचा फोटोही कोणी काढत नाही.

मावळात आणि लोणावळ्याच्या परिसरात विस्थापनाचा प्रश्न आला की चर्चा एकरांची होते, मोबदल्याची होते, दाखल्यांची होते. ती झालीच पाहिजे. परंतु घर सुटलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, त्याच्या घरातल्या नात्यांचे काय होते आणि वस्ती मोडल्यावर समाजाचे काय होते, हा विषय आपल्या बैठकांमध्ये क्वचितच येतो. या लेखात आम्ही तोच विषय समजून घेण्याचा प्रयत्न करीत आहोत. तरुण कार्यकर्त्यांनी हा लेख वाचून आपल्या वस्तीत चार घरी जाऊन बसावे, एवढीच अपेक्षा आहे.

निर्वासित आणि विस्थापित

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार छळाच्या भीतीने आपल्या देशाची सीमा ओलांडून गेलेला माणूस म्हणजे निर्वासित. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. सीमा न ओलांडता आपल्याच देशात घर गमावलेला माणूस म्हणजे विस्थापित. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांसमोर अंतर्गत विस्थापितांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. त्यांत युद्ध, हिंसाचार आणि नैसर्गिक आपत्ती यांच्याबरोबर मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाचाही विचार आहे.

कायद्यात फरक मोठा आहे. मनाच्या पातळीवर तो बराच कमी होतो. घर आपण सोडले नाही, ते सोडायला लावले गेले, आणि परत जायला जागा उरली नाही, या गोष्टी दोघांच्याही वाट्याला येतात. युद्धातून पळालेल्या माणसाला निदान एक आशा असते की कधीतरी परिस्थिती बदलेल आणि आपण परत जाऊ. धरणग्रस्ताचे गाव जिथे होते तिथे चाळीस-पन्नास फूट पाणी असते. ते त्याला रोज दिसते आणि तरी तिथे जाता येत नाही.

मावळाने शंभर वर्षे हे भोगले आहे

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायला सुरुवात केली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यानंतर आंद्रा खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीची वीज सुरू झाली. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ च्या एप्रिलमध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांपैकी तो एक. तरीही धरण झालेच.

स्वातंत्र्यानंतर पवना धरण झाले. १९६० च्या दशकात जमिनी घेतल्या गेल्या आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरले. आज पिंपरी-चिंचवड शहर याच पाण्यावर जगते. आता एक साधी तारीख लक्षात घ्या. महाराष्ट्रात प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली मंजूर झाला. म्हणजे पवना खोऱ्यातली माणसे उठली, तेव्हा पुनर्वसन हा त्यांचा कायदेशीर हक्कच नव्हता. जे मिळेल ते सरकारची मेहेरबानी म्हणून मिळणार होते. सुमारे १,२०० खातेदारांपैकी साडेतीनशेच्या आसपास लोकांना बदली जमीन मिळाली. आठशेहून अधिक खातेदारांची कुटुंबे पुढे पन्नास वर्षे मोर्चे, उपोषणे आणि निवेदने करीत राहिली.

९ ऑगस्ट २०११ रोजी हे दुखणे फुटून बाहेर आले. पवना धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधात बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक महिला होती. बाहेरच्या माणसाला वाटले असेल की एका पाइपसाठी एवढा राग कशाला? ज्यांच्या आजोबांची जमीन पाण्यात गेली, वडिलांची महामार्गात गेली आणि उरलेल्या शेतातून आता जलवाहिनी जाणार होती, त्यांचा राग फक्त त्या पाइपवर नव्हता. एकदा फसवले गेलेले माणूस दुसऱ्या वेळी सरकारच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. विस्थापनाचा हा पहिला सामाजिक परिणाम, आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकतो.

यादीत नाव कोणाचे?

वर आम्ही 'खातेदार' हा शब्द वापरला. सरकारी आकडे याच शब्दात बोलतात. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस म्हणजे खातेदार. मग ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याचे काय झाले?

गावात राहणारा शेतमजूर, कूळ, बलुतेदार, डोंगराच्या कडेला राहणारा कातकरी आणि ठाकर यांची घरे पाण्यात गेली तरी त्यांची मोजणी खातेदारांत होत नव्हती. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या जमिनीत आयुष्यभर राबलेल्या बाईचे नाव कागदावर नव्हते, म्हणून ती स्वतंत्रपणे विस्थापित ठरली नाही.

आपल्या समाजाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. महार वतनाची जमीन ही गावकीच्या चाकरीच्या बदल्यात मिळालेली जमीन होती. त्या वतनात गुलामगिरी लपली आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावनोकरांची वतने नष्ट झाली. पण जमीन आपोआप वतनदाराच्या नावावर झाली नाही. ठरलेली रक्कम भरून ती फेरप्रदान करून घ्यावी लागत होती आणि तीही विक्रीवर बंधने असलेल्या नव्या शर्तीने. ज्यांना हे कळले नाही किंवा ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्या हातात हक्क आला नाही.

आता ही दोन वर्षे शेजारी ठेवा. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि गावकीची कामे सोडायला सुरुवात केली. त्याबरोबर बलुते बंद झाले. १९५८ साली वतने गेली. त्यानंतर काही वर्षांतच धरणासाठी गाव उठले. एका पिढीने पंधरा-वीस वर्षांत जुना धर्म सोडला, जुना धंदा सोडला आणि शेवटी जुनी जागाही गमावली. पहिल्या दोन गोष्टी आपण स्वाभिमानाने केल्या. तिसरी आपल्यावर लादली गेली. तिन्ही एकाच पिढीच्या अंगावर आल्यामुळे तिसरीचे दुःख वेगळे करून कोणी बोललेच नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात या चुकांची काही अंशी दुरुस्ती आहे. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीन नसलेले शेतमजूर आणि कुळे येतात, जर संपादनापूर्वी तीन वर्षे त्यांची उपजीविका मुख्यतः त्या जमिनीवर असेल. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब धरल्या जातात. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. पवना खोऱ्यातल्या आजीला त्याचा उपयोग नाही. पण उद्या ज्यांची जमीन जाणार आहे, त्यांना आहे. म्हणून या व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हव्यात.

मनाचे काय होते?

घर सुटल्यानंतर माणसाला जे होते, ते सगळेच आजार नसते. झोप न लागणे, भूक मरणे, जुन्या वाटा स्वप्नात दिसणे, चिडचिड होणे, नव्या घरात 'जीव न लागणे', ही नुकसानीची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. डोक्यावर पक्के छप्पर आले, काम मिळाले, जवळची माणसे शेजारी राहिली, तर बहुतेक लोक हळूहळू सावरतात. काही थोड्यांना मात्र नैराश्य किंवा तीव्र चिंतेचा आजार होतो आणि त्यांना डॉक्टरांची गरज लागते. युद्धग्रस्त प्रदेशांच्या अभ्यासात पाच माणसांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. धरण म्हणजे युद्ध नव्हे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण सर्वस्व गमावण्याचा परिणाम मनावर होतो आणि तो मोजता येतो, एवढे त्यातून कळते.

आपल्या माणसांत हे दुखणे बहुधा अंगातून बोलते. 'मला उदास वाटते' असे म्हणणारा म्हातारा विरळा. तो म्हणतो, अंग दुखते, छातीत धडधडते, डोके जड झाले आहे. गोळ्या-इंजेक्शने होतात, तपासण्या होतात, काही सापडत नाही. मग घरचे म्हणतात, नाटक करतोय.

यात दोन गोष्टी विशेष समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे अधांतरी राहिलेले दुःख. माणूस मेला तर आपण अंत्यसंस्कार करतो, पुण्यानुमोदन करतो, लोक भेटायला येतात. दुःखाला एक रीत मिळते. पण माणूस बेपत्ता झाला तर दुःखाला शेवटच मिळत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी बेपत्ता माणसांच्या कुटुंबांचा अभ्यास करून हा मुद्दा मांडला. बुडालेल्या गावाचेही तसेच आहे. ते मेले असे म्हणता येत नाही, कारण उन्हाळ्यात त्याचे अवशेष दिसतात. ते आहे असेही म्हणता येत नाही. गाव गेल्याचा दुखवटा कोणी पाळला नाही. उलट देशाच्या प्रगतीसाठी त्याग केला म्हणून हार घातले गेले. ज्याच्या गळ्यात हार आहे, त्याने रडायचे कसे?

दुसरी गोष्ट म्हणजे वाट पाहण्याचा आजार. जमीन मिळणार की नाही, हे स्पष्ट कळले असते तर माणसाने दुसरी वाट धरली असती. पण 'प्रस्ताव शासनाकडे पाठवला आहे' या एका वाक्यावर पन्नास वर्षे गेली. घराचा निर्णय नाही, मुलाच्या शिक्षणाचा निर्णय नाही, कारण जमीन मिळेल तेव्हा बघू. तहसील, प्रांत, पुनर्वसन कार्यालय अशा फेऱ्यांत वडिलांचे वय संपले. फाइल मुलाकडे आली, आता नातवाकडे. सतत टांगणीला राहिलेले मन हळूहळू शिकते की आपल्या करण्याने काही होत नाही. ही हतबलता विस्थापनापेक्षाही खोल जाते.

घरातल्या घरात

म्हातारी माणसे सर्वांत जास्त हरवतात. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झाले तेव्हा, १९५० च्या दशकाच्या शेवटी, सुमारे ५७,००० टोंगा लोकांना उठवले गेले. एलिझाबेथ कोलसन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यात अनेक वर्षे काम केले. त्यांनी एक गोष्ट नोंदवली. वडीलधाऱ्यांचा अधिकार ढासळला, कारण ते आपल्या लोकांना वाचवू शकले नाहीत आणि त्यांचे ज्ञान नव्या जागी निरुपयोगी ठरले. मावळातल्या म्हाताऱ्याला कोणत्या ओढ्यात मासे कधी चढतात, कोणत्या खाचरात भाताचे कोणते वाण येते, कोणता पाला कशावर लावायचा हे ठाऊक होते. वसाहतीत किंवा शहराच्या झोपडपट्टीत या ज्ञानाला किंमत नाही. शहाणा माणूस एका दिवसात अडाणी ठरतो.

कर्त्या पुरुषाचे वेगळे. तो शेतकरी किंवा निदान गावचा माणूस होता. आता कोणाच्या तरी फार्महाउसवर राखणदार किंवा माळी आहे. लोणावळा, पवनानगर, कामशेतच्या पट्ट्यात आपल्याच आजोबांच्या जमिनीच्या फाटकावर उभे राहून साहेबांची गाडी आत घेणारी माणसे आहेत. काम कोणतेही हलके नसते. पण मालक असलेल्या जागी चाकर होणे हे मनाला लागते. त्यावर उतारा म्हणून दारू येते. मोबदल्याचा पैसा एकदम हातात आला की गाडी, लग्न, मान-पान यांत तो जातो आणि मग घरात भांडण उरते.

बाईच्या वाट्याला दुहेरी ओझे येते. पाणवठा, सरपण, रानभाजी, गुरांचा चारा या सगळ्या गोष्टी गावात पैशाशिवाय मिळत होत्या. नव्या जागी प्रत्येक गोष्ट विकत. माहेर आणि सासर पंचक्रोशीत होते, तेही विखुरले. बाळंतपणाला येणारी मावशी, भांडण झाले तर समजूत घालणारी नणंद, उसनी भाकरी देणारी शेजारीण, ही तिची खरी सुरक्षा होती. ती कोणत्याही पंचनाम्यात लिहिली गेली नाही.

मुलांना शाळा बदलावी लागते, काहींची सुटते. नव्या शाळेत 'धरणवाले' हे टोपणनाव मिळते. घरातल्या मोठ्यांचा ताण मुले न सांगता उचलतात. पुढे शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असते, म्हणून दाखल्याला किंमत येते. पण दाखला एक आणि वारस पाच! मग भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत वितुष्ट येते. ज्या कागदाने कुटुंबाला आधार द्यायचा, तोच कागद कुटुंब फोडतो.

आपल्या समाजाची खास गाठ

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. गावाच्या आठवणीने गहिवरणे हे सवर्णांना सोपे आहे. आपल्याला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचे जे वर्णन केले, ते आपल्याला माहीत आहे. त्या खेड्यात आपला पाणवठा वेगळा होता, वाट वेगळी होती, मसणवट वेगळी होती. मग असे गाव बुडाले तर बरेच झाले, असे आपल्यातले अनेकजण म्हणतात. शहरात आलो, शिकलो, साहेब झालो. त्यात तथ्यही आहे.

पण त्यामुळे दुसरी बाजू दाबली गेली. गावाने अपमान केला, तरी आपला वाडा आपला होता. तिथे आजोबांनी बांधलेले घर होते. १९५६ नंतर पहिल्यांदा जिथे पंचशील म्हटले गेले, ती चावडी होती. जिथे पहिल्यांदा भीमजयंतीला निळा झेंडा लागला, ते अंगण होते. अपमानाच्या जागेवर प्रेमही असू शकते आणि ते गेल्याचे दुःखही होऊ शकते. दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या असतात. आपण फक्त पहिली बोलायला शिकलो. म्हणून आपले म्हातारे दुसरी मनातच ठेवून गेले.

शिवाय गाव बुडाले म्हणून जात बुडत नाही. धरणाच्या वसाहतीत प्लॉट पाडताना जुन्या गावाचाच नकाशा पुन्हा उमटू शकतो. आपली वस्ती पुन्हा कडेला, पुन्हा उताराकडे. आणि १९७८ साली मराठवाड्यात नामांतराच्या ठरावानंतर आपल्या कुटुंबांना गावे सोडून पळावे लागले, ते विस्थापन तर निव्वळ जातीच्या द्वेषातून झाले. विस्थापित हा शब्द आपल्यासाठी परका नाही.

वस्ती टिकली तर माणूस टिकतो

मायकल सर्निया या समाजशास्त्रज्ञाने जगभरच्या प्रकल्पग्रस्तांचा अभ्यास करून दारिद्र्याचे आठ धोके सांगितले. जमीन जाणे, काम जाणे, घर जाणे, समाजात किंमत कमी होणे, अन्नाची अनिश्चितता, आजारपण वाढणे, गायरान-जंगल-नदी यांसारख्या सामायिक संपत्तीचा हक्क जाणे आणि आठवा धोका म्हणजे समाजाची वीण उसवणे. पहिल्या सातांची काही ना काही भरपाई पैशात मोजता येईल. आठव्याची येत नाही. आणि पहिल्या सातांशी लढायला जी ताकद लागते, ती याच विणीतून मिळते.

याचे एक उदाहरण बौद्ध जगातच आहे. १९५९ साली परमपूज्य दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी निर्वासित आले. सुरुवातीला त्यांनी डोंगरात रस्त्यांची कामे केली, रोगराईत माणसे गमावली. पण १९६० च्या सुमारास कर्नाटकात बायलकुप्पे येथे सुमारे ३,००० एकरांवर त्यांना एकत्र वसवले गेले. १९७२ साली आपल्या महाराष्ट्रातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग वसाहत झाली. शेती, शाळा, विहार, दवाखाना हे सगळे एका ठिकाणी आले. आज त्यांची तरुण मुले वसाहती सोडून परदेशी जात आहेत, त्यांचेही प्रश्न आहेत. तरीही देश गमावलेला हा समाज भाषा, धम्म आणि आत्मविश्वास टिकवून आहे.

आमचा मुद्दा हा आहे की ज्यांचा देश गेला त्यांना एकत्र वसवता आले, तर ज्यांचे गाव गेले त्यांना का नाही? पवनेच्या पाण्याने उठलेली माणसे मात्र विखुरली. कोणी धरणाच्या काठावर वर सरकला, कोणी पिंपरीच्या कारखान्यात गेला, कोणी मुंबईला. एकत्र राहण्याचा हक्क हा पुनर्वसनाच्या मागणीत पहिल्या क्रमांकावर असला पाहिजे.

धम्म काय सांगतो?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची पारंपरिक कथा नाकारली. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलीय वाद पुढे आणला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. तेव्हा शाक्य संघाकडे कुटुंबावर बहिष्कार टाकण्याची आणि जमिनी जप्त करण्याची शिक्षा होती. कुटुंबावर ते संकट येऊ नये म्हणून सिद्धार्थाने स्वतः परिव्रज्या स्वीकारली. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच पाण्याचा वाद, जमिनीची जप्ती आणि घर सोडणे यातून होते. मावळातल्या माणसाला ही गोष्ट पुस्तकातली वाटण्याचे कारण नाही.

मात्र एक फरक विसरू नये. परिव्रज्या ही निवड होती, विस्थापन ही सक्ती आहे. 'सगळे अनित्य आहे, सोडून द्या' असे धरणग्रस्ताला सांगणे हा धम्म नव्हे. त्यात करुणा नाही. कार्ल्याच्या लेण्यांतल्या शिलालेखात सातवाहन काळात भिक्षूंसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. त्यात 'मामाल' हे नाव येते, तेच आपले मावळ असे अभ्यासक मानतात. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोरली गेली, कारण घर सोडलेल्या भिक्षूलाही पावसाळ्याचे महिने राहायला निवारा आणि जगायला आधार लागतो. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्या संघानेही निवाऱ्याची गरज नाकारली नाही.

पटाचारेची कथा आपण प्रवचनात ऐकतो. नवरा सर्पदंशाने गेला, एक बाळ नदीत वाहून गेले, दुसरे ससाण्याने उचलले, वादळात आई-वडिलांचे घर कोसळले. भान हरपून ती विवस्त्र फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवंतांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले. प्रथम तिला भानावर आणले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले, मग तिचे ऐकून घेतले आणि त्यानंतर धम्म सांगितला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस म्हणून जवळ करणे, मग वस्त्र, मग ऐकणे आणि शेवटी उपदेश. पुढे हीच पटाचारा विनयात अग्रणी झाली आणि तिने कित्येक दुःखी स्त्रियांना आधार दिला.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली संकटग्रस्तांना द्यायच्या मानसिक प्रथमोपचाराची सोपी पद्धत सांगितली. बघा, ऐका, जोडून द्या. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. या पद्धतीला धरून आम्ही काही कामे सुचवतो.

१. घरोघरी जाऊन ऐका. म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावाविषयी विचारा. मध्येच उपदेश करू नका, आश्वासनही देऊ नका. बोलायला नको असेल तर आग्रह नको.

२. वाड्याचा नकाशा काढा. कोणाचे घर कुठे, विहीर कुठे, पहिली बुद्धवंदना कुठे झाली, हे वडीलधाऱ्यांकडून विचारून मोठ्या कागदावर मांडा. तरुणांना इतिहास मिळेल आणि म्हाताऱ्यांना आपले ज्ञान पुन्हा उपयोगी पडल्याचे समाधान.

३. बुडालेल्या वस्तीसाठी वर्षातून एक दिवस ठेवा. वैशाख पौर्णिमेच्या आसपास पाणी उतरलेले असते. धरणाच्या काठावर वंदना घ्या, गेलेल्या पिढीचे पुण्यानुमोदन करा. ज्या दुःखाला रीत मिळाली नाही, त्याला ती द्या.

४. कागद तपासा. फेरफार, वतन फेरप्रदानाचे आदेश, वारसनोंदी, प्रकल्पग्रस्त दाखला यांची प्रत प्रत्येक घरात असावी. घरातल्या स्त्रियांची नावे वारसनोंदीत आहेत का, हे पाहा. माहिती अधिकाराचा वापर करा. आपल्या फाइलचे नेमके काय झाले हे कळले, तरी निम्मी हतबलता कमी होते.

५. नवीन प्रकल्प आला तर सामाजिक परिणाम मूल्यमापनाच्या सुनावणीला हजर राहा. भूमिहीनांची, विधवांची, कातकरी आणि ठाकर कुटुंबांची नावे यादीत येतात का, ते बघा. वसाहतीच्या नकाशात विहाराची आणि स्मशानभूमीची जागा कुठे आहे आणि आपल्या वस्तीला प्लॉट कुठे दिले आहेत, हे विचारा.

६. आजार ओळखा. कोणी आठवडेच्या आठवडे झोपत-जेवत नसेल, सतत दारूत असेल, मरणाची भाषा करीत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते. अंगात आले म्हणून भगताकडे नेणे थांबवा. ते बावीस प्रतिज्ञांनाही धरून नाही.

७. विहार संध्याकाळी उघडा ठेवा. मुलांचा अभ्यास, बायकांची बैठक आणि ध्यान, या तिन्ही गोष्टींसाठी. आनापानाने मन शांत व्हायला मदत होते, पण ते हक्काच्या लढ्याला पर्याय नाही.

इरशाळवाडीची आठवण ताजी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात दरड कोसळली आणि ठाकर समाजाची वाडी गाडली गेली. त्या दिवसांत मदतीची रीघ लागली. काही आठवड्यांनी ती आटली. घर सुटलेल्या माणसाला खरी गरज तेव्हापासून सुरू होते. आपले काम तिथून सुरू झाले पाहिजे, आणि ते फक्त आपल्या जातीपुरते असू नये. पाण्याखाली कुणब्याचेही घर गेले आणि कातकऱ्याचेही. मैत्री आणि करुणा यादी बघून वाटायच्या नसतात.

देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगाव दाभाड्यात त्यांचे निवासस्थान होते. मावळच्या उंबरठ्यावर त्यांचे पाय लागले आहेत, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच मावळात एखादी आजी आज पत्र्याच्या घरात बसून पाण्याकडे बघत असेल, आणि तिला तिच्या गावाविषयी गेल्या पन्नास वर्षांत कोणी विचारले नसेल, तर तो अभिमान अपुरा आहे. या रविवारी वंदनेनंतर तिच्याकडे जा आणि विचारा, 'आजी, तुमचे घर कुठे होते?'

नमो बुद्धाय! जय भीम!